काटा शून्यावर

समोर कुत्रं नाही, माणूस नाही, खड्डा नाही, अशा रिकाम्या रस्त्यावर माझ्या वडिलांनी, अण्णांनी, करकचून ब्रेक मारला. हातखंब्याकडून रत्नागिरीला येत होतो. मागून चिऱ्यांनी भरलेला ट्रक येत होता. त्या ड्रायव्हरने कसाबसा ट्रक बाजूला काढला, पुढे नेऊन उभा केला आणि खाली उतरून, अण्णांच्या वयाचा मुलाहिजा न ठेवता, बोलायचं ते सगळं बोलला. एरवी माझ्या नाकावर राग. पण त्या दिवशी मागच्या सीटवरून माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, कारण तो बरोबर बोलत होता. अण्णा स्टिअरिंग धरून समोर बघत बसले होते. आई त्यांच्या शेजारी, मांडीवरची पिशवी घट्ट धरून. "काय झालं हो?" तिने विचारलं. "काही नाही," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी गाडी पुन्हा सुरू केली, कारण ती बंदही पडली होती.

ही साधारण दोन हजार चार-पाचची गोष्ट. मी रत्नागिरीतच एका बँकेत नोकरीला होते. लग्न झालेलं नव्हतं, आणि त्याची घाई माझ्यापेक्षा इतरांनाच जास्त होती. अण्णांची सगळी नोकरी पोफळीच्या पॉवरहाउसात, कंट्रोल रूममध्ये गेली. आम्ही भावंडं अलोऱ्याच्या कॉलनीत वाढलो. रिटायर झाल्यावर अण्णांनी नाचण्याला घर बांधलं आणि एक छोटी पांढरी गाडी घेतली. ड्रायव्हिंग ते त्या वयात शिकले. कुणी म्हटलं, आता कशाला हा उपद्व्याप, तर म्हणायचे, "उभं आयुष्य खुर्चीत बसून मशीन फिरवली, आता मशीनबरोबर मी पण फिरतो." लायसन्स माझ्याकडेही होतं. पण अण्णा सीट सोडतील तर ना! "शिकलीस ना? छान झालं," एवढं म्हणून ते स्वतः चाकामागे बसायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर मात्र काहीतरी बिनसलं. मारुती मंदिरच्या सर्कलला वेग कमी केला की गाडी आचका देऊन बंद पडायची. मागचे रिक्षावाले हॉर्न मारून कावून सोडायचे. आणि मोकळ्या रस्त्यावर, चांगली चाललेली गाडी, अण्णा मध्येच ब्रेक दाबायचे. विचारलं की उत्तर एकच, "काही नाही." ट्रकवाल्याच्या प्रकारानंतर आईचा धीर सुटला आणि तिने मुंबईला दादाला फोन केला. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि मग मला फोनवर बोलावलं.

"मोठ्या काकांचं पण असंच सुरू झालं होतं," तो म्हणाला.

मोठे काका म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ. चिपळूणकडच्या आमच्या गावात असायचे. शेवटच्या वर्षांत त्यांना भ्रम झाला. केव्हाच मेलेली गाय गोठ्यात उभी दिसायची, तिला पाणी दाखवा म्हणून हट्ट करायचे. त्यांचं सगळं अण्णांनी केलं होतं, रजा काढकाढून. "मी शिमग्याला येतोय," दादा पुढे म्हणाला, "पालखी झाली की परत जाताना गाडी मीच घेऊन जाईन. तोवर किल्ली तू काढून ठेव. आईला जमणार नाही ते."

मला जमलं. मी अण्णांच्या समोर जाऊन हात पुढे केला आणि त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. मी तयारीनेच गेले होते, चार उत्तरं जिभेवर ठेवून. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी ओलं फडकं घेऊन गाडी पुसायला लागले. कुठे न जाणारी गाडी. आधी काच, मग बॉनेट, मग चाकांच्या वाट्या. मी बँकेत जायला निघायची तेव्हा ते चाकाशी उकिडवे बसलेले असायचे आणि मान वर करायचे नाहीत.

माझा जीव थाऱ्यावर राहीना. काउंटरवर लोक उभे आणि माझं लक्ष दुसरीकडेच. घरी आले की पडवीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून पडवीत. आई म्हणाली, "बस गो जरा, पायाला चाकं लागलीत का?" मला राहून राहून वाटे, ज्याला भ्रम झाला आहे तो माणूस रोजचं शब्दकोडं सोडवतो कसा? आईच्या गोळ्यांच्या वेळा याच माणसाच्या लक्षात असतात. मग रस्त्यावर गाडीत बसल्यावरच काय होतं त्याला?

शेवटी एका रविवारी सकाळी मी किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. "पालीपर्यंत जाऊन येऊ. मी पुढे बसणार." आई नको नको म्हणत होती. तिला म्हटलं, मी आहे ना. खरं तर मी असून काय करणार होते ते मलाही माहीत नव्हतं. मला त्यांचा पाय बघायचा होता आणि चेहरा बघायचा होता.

साळवी स्टॉप गेला, कुवारबाव गेलं, काही झालं नाही. अण्णा नेहमीसारखे, ताठ. हातखंबा ओलांडून पुढे लागलो. आणि साठाच्या आसपास असलेला स्पीडचा काटा एकदम खाली आला. सरळ शून्यावर. गाडी तेवढ्याच वेगात धावत होती. अण्णांचा पाय ब्रेककडे गेला.

"अण्णा, काटा पडला!" मी ओरडले.

त्यांनी गाडी कडेला घेतली. थांबता थांबता ती बंद पडली. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. इतकं भेदरलेलं तोंड मी त्यांचं आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"तुला पण दिसला?"

"दिसला म्हणजे? आंधळी आहे का मी?"

"तुला दिसला," ते पुन्हा म्हणाले. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. मग चष्म्याकडेच बघत बोलले, "दिवाळीपासून पडतोय. मध्येच पडतो, परत उठतो. तुझ्या आईला विचारायची सोय नाही, तिला त्यातलं कळत नाही. भाऊला गोठ्यात गाय दिसायची गो. मी म्हटलं, मला काटा दिसतो."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि त्याच वेळी धरून गदागदा हलवावंसंही वाटलं. "एवढे महिने गप्प बसलात? आणि ब्रेक कशाला मारायचा? गाडी तर पळतेय!" यावर ते ओशाळून हसले. कंट्रोल रूममध्ये मीटर शून्यावर आला की मशीन बंद करायला आधी हात हलायचा, डोकं मागाहून. विचार करत बसलात तर मशीन जायचं. डोळ्याला काही वाटो, कानाला काही ऐकू येवो, मीटर म्हणेल ते खरं. तेच अंगात मुरलं होतं. "काटा शून्य म्हटल्यावर पाय आपोआप जातो," ते म्हणाले.

आता मला धीर नव्हता. शिमगा तोंडावर आलेला. दादा यायच्या आत दोष गाडीचा आहे हे सिद्ध व्हायला हवं होतं. नुसतं सांगून तो ऐकणार नव्हता. मी फोन केला तेव्हा त्याने वकिलासारखं विचारलं, "काटा पडतो हे अण्णांनी सांगितलं, का तू पाहिलंस?" मी म्हटलं, मी पाहिलं. "तू त्यांची बाजू घेतेस," तो म्हणाला. तो वाईट नव्हता. त्याला भीती होती, आणि मुंबईत बसून भीती वाढतेच.

कुवारबावच्या एका गॅरेजात गाडी नेली. तिथला मेकॅनिक कसबी माणूस होता, जुन्या गाड्या आवाजावरून ओळखायचा. पण ही कॉम्प्युटरवाली गाडी म्हटलं की तो जरा मोठ्याने बोलायला लागायचा. काटा पडतो सांगितल्यावर त्याने गॅरेजच्या पुढे एक फेरी मारली. काटा अगदी शहाण्यासारखा वर. "चालतोय की, ताई." गाडी ठेवून जा म्हणाला. दुपारी प्लग बदलले, हवेचा फिल्टर साफ केला, बॅटरीच्या वायरी घासल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! दोन दिवसांनी अण्णा पुन्हा पालीकडे गेले तर काटा पुन्हा पडला, सर्कलला गाडी पुन्हा बंद. पुन्हा गॅरेज, पुन्हा फेरी, पुन्हा काटा ठीक. दुखणं डॉक्टरच्या दारात पळून जातं ना, तसलाच प्रकार.

मेकॅनिकने मला बाजूला घेतलं. "राग मानू नका, ताई. आजोबांचा पाय जातो ब्रेकवर. वयाचा असता तो. गाडीला काय झालेला नाय."

"आजोबा कुणाला म्हणता?" मी म्हटलं. एवढंच सुचलं. रिक्षाने घरी येताना मात्र एक चोरटा विचार मनात आला. मी खरंच पाहिला होता ना काटा पडताना? का अण्णांचा पाय हलला म्हणून मला तसं वाटलं?

गंमत अशी की मी जितकी कावरीबावरी होत गेले, तितके अण्णा शांत होत गेले. काटा दुसऱ्याला दिसला होता, तेवढं त्यांना पुरलं. आता तो त्यांच्या दृष्टीने फॉल्ट होता, आणि फॉल्ट शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता. जेवणाच्या टेबलावर बोटाने रेघा मारत ते मला समजावायला लागले. काटा पडतो तेव्हा किलोमीटरचे आकडेही थांबतात, मी बघून ठेवलंय. म्हणजे डायल खराब नाही, डायलपर्यंत खबरच येत नाही. त्याच वेळी हळू केलं की इंजिन मरतं. म्हणजे कॉम्प्युटरलाही खबर नाही. त्याला वाटतं गाडी उभी आहे, मग तो तेवढंच पेट्रोल सोडतो. दोघांना खबर देणारा एकच असणार. मेकॅनिकला त्यांनी विचारून घेतलं होतं: या गाडीला जुन्यासारखी केबल नसते, गिअरबॉक्सवर एक सेन्सर बसवलेला असतो, चाकं फिरली की तो इशारे पाठवतो.

"मग गॅरेजात का चालतो मेला?" मी विचारलं.

"कुवारबावपर्यंत गाडी तापते कुठे? तापली तरी हा मेकॅनिक उभी करून ठेवतो, चहा पितो, मग बघतो. थंड असताना चालतो, गरम झाला की ट्रिप होतो, म्हणजे बंद पडतो. आपल्याकडे असे रिले असायचे." आपल्याकडे म्हणजे पोफळीला. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांचं आपल्याकडे तिकडेच होतं.

शनिवारी माझी बँक अर्धा दिवस. मी घरी आले तर अण्णा तयार होऊन बसलेले, मांडीवर त्यांचा करंट तपासायचा जुना मल्टिमीटर. उन्हाने रस्ता तापलेला होता. पालीपर्यंत गेलो, काटा पडला. पडल्यावर ब्रेक मारायचा नाही म्हणून मी सारखी ओरडत होते, "चला, चला, गाडी पळतेय!" आणि ते दात आवळून पाय रोखून धरत होते. वळून तसेच गॅरेजच्या दारात आलो. मेकॅनिक जेवायला बसत होता, त्याला डबा झाकायला लावला.

"इंजिन गरम आहे तोवर बघायचं," अण्णांनी हुकूम सोडला. मी त्यांचा तो आवाज लहानपणी ऐकला होता, कॉलनीच्या टेलिफोनवर. मेकॅनिकने पुढचं एक चाक जॅकवर उचललं, गाडी न्यूट्रलला. बॉनेट उघडून अण्णांनी सेन्सरच्या वायरींना मीटर लावला. मी आत बसून किल्ली फिरवली. "करंट येतोय," अण्णा म्हणाले, "म्हणजे वायर शाबूत आहे. आता चाक फिरवा." मेकॅनिक हाताने चाक फिरवायला लागला. सेन्सर जिवंत असता तर मीटरवरचा आकडा वरखाली व्हायला हवा होता. तो ढिम्म हलला नाही. मेकॅनिकने जोर लावून फिरवलं. आकडा तसाच.

मग अण्णांनी माझी पाण्याची बाटली मागितली. फडकं भिजवून, पिळून, त्या सेन्सरवर दाबून धरलं. हात भाजला म्हणून त्यांनी एकदा झटकला आणि परत फडकं भिजवलं. मेकॅनिक चाक फिरवतच होता. आणि मीटरवरचा आकडा हलला. खाली, वर, खाली, वर.

"सेन्सर गेलाय," मेकॅनिक उठत म्हणाला. हात पुसत माझ्याकडेच वळला, "गरम झाल्यावर होता, ता आधी नाय सांगायचा?" चोराच्या उलट्या बोंबा! पण मला इतका आनंद झाला होता की मी त्याचंही ऐकून घेतलं.

नवीन सेन्सर कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने आला, दादा यायच्या आदल्या दिवशी. मी रजा टाकली. सेन्सर बसवून पुन्हा पालीपर्यंत, भर उन्हात. जाताना नाही, येताना नाही, काटा पडलाच नाही. परत येताना मुद्दाम वेग कमी करून बघितला, इंजिन गुरगुरत राहिलं. हातखंब्याच्या एसटीडी बूथवरून मी दादाला ऑफिसात फोन लावला आणि लोक बघतायत याची पर्वा न करता ओरडले, "अण्णांना काहीही झालेलं नाही! गाडीचाच दोष होता! आता ये आणि बघ!" "बरं झालं गं," तो म्हणाला.

हातखंबा सोडल्यावर अण्णांनी एका आंब्याच्या सावलीत गाडी उभी केली. इंजिन बंद केलं, उतरले, वळसा घालून माझ्या दाराशी आले आणि दार उघडलं.

"उतर."

"काय झालं? पडला का परत?"

"काटा बरोबर आहे." त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "आता तू चालव."

मला वाटलं, गंमत करतायत. मग वाटलं, दमले असतील. तसं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. "आजच्यापुरतं ना?" मी विचारलं.

"नाही. आता तूच."

मी भडकलेच. इतके दिवस मी कुणासाठी जीव टाकत होते? दादाशी भांडले, मेकॅनिकशी भांडले, नोकरीवर रजा टाकली, ती काय स्वतःला ड्रायव्हर करून घ्यायला? "सेन्सर होता तो, अण्णा! तुम्हीच शोधून काढलात! तुमचा काय संबंध?"

"सेन्सर खोटं बोलत होता, ते सापडलं," ते म्हणाले. "पण मी काय करत होतो? झाडं मागे पळताना दिसत होती मला. खिडकीतून वारा तोंडावर येत होता. तो ट्रक आरशात दिसत होता गो, चांगला दिसत होता. तरी काटा शून्य म्हणाला म्हणून ब्रेक मारला. तो दोष सेन्सरचा नव्हे. शेजारी तुझी आई बसली होती."

"ती सवय आहे. जाईल."

"या वयात जाईल? ती आहे म्हणून तर पोफळीला कधी काही झालं नाही."

मला रडू यायला लागलं आणि त्याचाच राग येत होता. "मग मी किल्ली मागितली तेव्हाच का नाही सांगितलंत हे? इतका खटाटोप कशाला?"

"तेव्हा वेड्याच्या हातून काढून घेतलीत," अण्णा म्हणाले. "आज शहाणा आहे. म्हणून मी देतोय."

मी जाऊन चाकामागे बसले. पाय क्लचला पुरेना. गाडी घेतल्यापासून ती सीट त्यांच्या उंचीला लावलेली, कुणी हलवलीच नव्हती. मी खाली हात घालून खाटखुट करत होते, खटका सापडत नव्हता. अण्णा परत फिरून आले, दारातून वाकले, खटका ओढला आणि सीट पुढे ढकलून दिली. "पोचतो का पाय?" पोचत होता. मग ते जाऊन डावीकडे, आईच्या जागेवर बसले आणि हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे मांडीवर ठेवले.

डोळे पुसून मी स्टार्टर मारला, गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी एक आचका देऊन बंद पडली.

अण्णा समोर बघत म्हणाले, "हे मात्र तुझं हो. सेन्सरवर घालू नको."